चाळीस चुली

"ह्यालाही नंबर?" बचनोनं विचारलं.

"हो. चौदा."

मी तंदूरच्या मातीच्या कडेवर खडूनं १४ लिहिलं. बचनोनं हातातला उंडा दोन्ही तळव्यांत थापटला, वाकून तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवला आणि हात बाहेर काढत म्हणाली, "मग माझ्या पाठीवरही लिही, कुडिये. हरवले तर सरकारला सापडेन."

बाकीच्या बायका हसल्या. कुडिये म्हणजे पोरी. छावणीत मला सगळ्या त्याच नावानं हाक मारत.

"ह्या तंदूरवर किती घरांच्या रोट्या होतात?"

"घर? घर तिकडं राहिलं." तिनं सीमेच्या दिशेला हनुवटी उडवली.

"म्हणजे किती कुटुंबं?"

"सगळं एकच. लिही. मुलखराजचं, माझं, ह्या शंकरीचं, सगळं एकच घर. आम्ही वेगळं समजत नाही कुणाला. तूही खाऊन जा. तुलाही धरून मोज."

बायकांनी माना डोलावल्या. मी पाहुणी होते. पाहुणीसमोर आपलं-तुपलं करायचं नाही, हे त्यांच्या गावचं वळण होतं. मी लिहिलं : चूल क्र. १४, प्रमुख मुलखराज (गावचा नंबरदार म्हणजे पाटील, वयानं मोठा), माणसं २९.

प्रत्येकीची परात वेगळी होती. प्रत्येकीच्या कणकेवर वेगळं फडकं होतं. ते मला दिसत होतं. वहीच्या समासात मी तशी नोंदही केली : पीठ वेगळं, जाळ एक. पण मला मोजायला सांगितला होता तो जाळ. मी रोटी खाल्ली आणि पंधरा नंबरकडे गेले.

ही जानेवारीची नऊ तारीख. मी तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते आणि पुण्याच्या एका संस्थेनं मला पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी जम्मूकडच्या त्या छावणीत पाठवलं होतं. डिसेंबरात सीमेवर सैन्य आलं, शेतांत सुरुंग पेरले गेले, पलीकडून तोफा सुरू झाल्या आणि पाच खेड्यांना एका दिवसात घरं सोडायला सांगितलं. माणसं सोळा किलोमीटर आत, एका उच्च माध्यमिक शाळेत आणून ठेवली. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, म्हणून कागदावर ही माणसं विस्थापित नव्हती. ती 'तात्पुरती हलवलेली' होती.

माझं काम टाक्यांत क्लोरीन टाकायचं. मोजणीचं काम मला वरखेडकरांनी दिलं.

निशिकांत वरखेडकर तिथले उपविभागीय अधिकारी. मूळचे अमरावतीचे. माझं आडनाव ढमाले आहे हे कळल्यावर त्यांनी जीप पाठवून मला बोलावून घेतलं होतं.

"जुन्नरच्या? बाप्पा! चार महिने झाले, मराठी बोललो नाही मी. स्वतःशीच बोलतो कधी कधी, तर शिपाई घाबरतो." त्यांनी डबा पुढे केला. "घ्या. जवसाची चटणी. आईनं पाठवली. एम.एस्सी.ला काय केलं?"

"सुगरण पक्ष्याची घरटी मोजली. दोन हंगाम."

"घरटी मोजली की पक्षी समजतात?"

"नुसती मोजून नाही. नर दोन-तीन घरटी अर्धवट सोडून देतो. कुठल्या घरट्यात खरंच जोडी राहते ते वेगळं बघावं लागतं."

"वा!" ते मनापासून खूश झाले. "माणसं सोपी हो मग. माणूस अर्धवट चूल सोडत नाही." मग त्यांनी फाईल उघडली. पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, नोंदीप्रमाणे छावणीत दोनशे बारा कुटुंबं होती. मुख्यालयाला तो आकडा फुगवलेला वाटत होता. "एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब. जनगणनेतही असंच असतं, माहीत आहे ना? तुम्ही बाहेरच्या आहात, विज्ञानाच्या आहात. तुम्ही मोजलं तर कुणी बोट दाखवणार नाही. चुली मोजा, प्रत्येक चुलीवर किती माणसं ते लिहा. एवढंच."

व्याख्या स्वच्छ होती. मला स्वच्छ व्याख्या आवडत. शिवाय माझ्या ज्ञानाचा कुणाला तरी उपयोग होतोय याचा मला फार आनंद झाला होता. हा आनंद मला आजही माफ करता येत नाही.

दहा तारखेला मी अहवाल दिला. चुली अडतीस, माणसं एक हजार सत्तेचाळीस. बेरीज तीनदा तपासली होती. वरखेडकरांनी तक्ता वरून खाली वाचला, "सुंदर" म्हणाले आणि शेवटच्या पानावर माझी सही घेतली.

बारा तारखेला सकाळी शाळेच्या फाटकावर यादी लागली. मी टाकीवर होते. मला आधी ऐकू आला तो आवाज. भांडणाचा नव्हता. खूप माणसं एकदम एकमेकांना एकच गोष्ट विचारत होती.

बचनो सरळ माझ्याकडे आली. साठीची बाई, धावत. तिनं माझं मनगट धरलं.

"माझं नाव का नाही?"

"कशात?"

"तंबूच्या यादीत! वीस तारखेला शाळा रिकामी करायची आहे. पोरांच्या परीक्षा आहेत म्हणे. घराला एक तंबू देणार. अडतीसच नावं आहेत. चौदा नंबरला मुलखराजचं नाव. माझं कुठाय?"

तंबूंचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "माणसांची संख्या दिली आहे मी. एकोणतीस माणसं लिहिली आहेत. एकोणतीस माणसांना एक तंबू कसा देतील?"

"बाकीच्यांनी गावी परत जायचं. तसं लिहिलंय तिथं. केवल कृष्णनं वाचून दाखवलं." केवल कृष्ण हा छावणीचा कारकून. "काल माझ्या गावात सात गोळे पडले. शेतात सुरुंग आहेत. माझी सून रजनी आहे, दोन नाती आहेत, पोरगा लुधियानाला गिरणीत आहे. कुठं जाऊ आम्ही?"

"पण तूच म्हणालीस सगळं एकच घर आहे."

हे वाक्य मी बोलले. तोंडातून निघाल्यावर मलाच ऐकवेना.

बचनोनं माझं मनगट सोडलं. "हो, म्हटलं. दाराशी आलेल्या माणसाला असंच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? हे माझं, हे तिचं, तू उपाशी जा, असं?" तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "चल. तुला दाखवते."

तिनं मला शाळेच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथं काळवंडलेल्या विटांचे ढीग पडले होते. तीन विटा इथं, दोन तिथं, फुटलेली, चिखलात रुतलेली. मी तिथून रोज हातपंपाकडे जायचे. मला ते शाळेच्या जुन्या बांधकामाचं सामान वाटलं होतं.

"ही माझी चूल होती," बचनो म्हणाली. "ती शंकरीची. आलो त्या दिवशी प्रत्येकीनं आपापली मांडली होती. आठ दिवसांनी होमगार्ड आले. लाथेनं मोडल्या. डाळ होती माझी वर, डाळीसकट. म्हणाले, आग लागेल, चाळीसपेक्षा जास्त चुली चालणार नाहीत, हुकूम आहे. मग आम्ही तंदूर बांधले आणि वाटून घेतले. तू आलीस तेव्हा आम्ही वाटून घेतलेलं होतं."

"कुठला हुकूम?"

"फळ्यावर आहे ना तो. डोळ्यांसमोर."

खरंच डोळ्यांसमोर होता. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या फळ्यात, उर्दूत टाइप केलेला. मला उर्दू येत नव्हती, आणि तीन आठवडे त्या फळ्यावरून जाता-येता हे काय आहे असं मी कुणाला विचारलं नव्हतं. केवल कृष्णला ओढत आणलं. त्यानं चष्मा लावून वाचलं. शाळेच्या आवारात आगीचा धोका लक्षात घेता चाळीसपेक्षा अधिक चुली पेटवण्यास मनाई करण्यात येत आहे. अठरा डिसेंबर. खाली सही वरखेडकरांची.

मी चालत त्यांच्या कार्यालयात गेले. दोन किलोमीटर. पोचेपर्यंत राग थोडा ओसरेल असं वाटलं होतं, तो वाढला.

"या ढमाले ताई. चहा?"

"चाळीस हा आकडा कुठून आला?"

त्यांनी विचारलं नाही, कुठला चाळीस. खुर्चीकडे हात केला. मी बसले नाही.

"अग्निशमन दलानं सांगितला?"

"नाही."

"मग?"

"गोदामात चाळीस तंबू होते," वरखेडकर म्हणाले.

बाहेर शिपाई कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता. मला ते अजून पुरतं कळलं नव्हतं. त्यांनीच समजावून सांगितलं, शिकवणीला आलेल्या मुलीला सांगावं तसं.

"मी दोनशे बारा मागितले होते. सतरा डिसेंबरला चाळीस आले. सोबत पत्र, उपलब्ध साठ्यात भागवावे. आता कागदावर दोनशे बारा कुटुंबं आणि चाळीस तंबू असं ठेवलं तर काय होतं? पेपरात येतं. विधानसभेत प्रश्न येतो. तंबू मात्र येत नाहीत. मागच्या वेळी गावं हलवली तेव्हा माझ्या आधीच्या माणसानं तसंच लिहून ठेवलं होतं. तो आता कुठं आहे ते केवल कृष्णला विचारा."

"म्हणून तुम्ही माणसं कमी केलीत."

"मी चुली कमी केल्या. माणसं तुमच्या तक्त्यात पूर्ण आहेत, एक हजार सत्तेचाळीस. कुणी तो रकाना वाचला नाही, त्याला मी काय करू?"

"अडतीस झाल्या. दोन तंबू उरले."

"एक पोलिसांना, एक आपल्या कार्यालयाला."

"मी अहवाल मागे घेते."

"घ्या ना." त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "कारण काय लिहाल? मोजणी चुकली? चुकली का?"

मी पेनचं टोपण काढलं.

"ताई, चुकली का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही स्वतः का नाही मोजलंत? तुमच्याकडे पटवारी होता."

वरखेडकर पहिल्यांदा थोडे वैतागले. "पटवाऱ्याला त्यांनी दगड मारले असते हो. तुम्हाला रोट्या खाऊ घातल्या."

परत आले तेव्हा बचनो हातपंपाशी भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. तंबू, चाळीस, सगळं. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले आणि उठून शंकरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानात दोनशे नऊ चुली पेटल्या होत्या.

तीन विटा, त्यात मिळेल ते सरपण, मोडक्या बाकांच्या फळ्या, वर एक भांडं. तंदूर थंड. धुक्यात धूर मिसळून मैदानाच्या पलीकडचं दिसत नव्हतं. खोकत, डोळे पुसत बायका आपापल्या चुलीपाशी बसल्या होत्या. रजनी, जी माझ्याशी कधी बोलली नव्हती, ती ओरडली, "ये ग, मोजणारी! आज कुणी एकच घर म्हणणार नाही!"

"खडू आणलास का?" कुणीतरी मागून म्हणालं. "का आज संपला?"

मी मोजल्या. प्रत्येकीचं नाव विचारलं, घरातली माणसं विचारली, लिहिली. कुणी रोटी देऊ केली नाही. दोनशे बारापैकी तीन कुटुंबं नातेवाइकांकडे निघून गेली होती, म्हणून दोनशे नऊ. पटवाऱ्याची नोंद अचूक होती. ती कुणी फुगवलेली नव्हती.

वरखेडकरांची जीप साडेदहाला आली. ते चिडले नाहीत. मैदानावरून एक चक्कर मारली, मला बघून मान हलवली आणि होमगार्डना खूण केली. त्यांनी बादल्या भरल्या त्या माझ्या टाकीतून. मी पहाटे क्लोरीन टाकून झाकण लावलेलं ते पाणी होतं. एकेका चुलीवर एकेक बादली. भांड्यांत, पिठात, बायकांच्या पदरांवर. जानेवारीत. बचनोनं आपल्या चुलीवर दोन्ही हात धरले, तर तिच्या हातांवर ओतलं.

"हे थांबवा!" मी ओरडले.

"आगीचा हुकूम आहे ताई. शाळा सरकारी आहे," ते मराठीत म्हणाले, खालच्या आवाजात, जणू आमच्या दोघांची काही खासगी गोष्ट चालली होती. त्या भाषेत ते बोलले याचीच मला शिसारी आली.

मी दुसरा अहवाल लिहिला. दोनशे नऊ कुटुंबं, चुलींवर घातलेली मर्यादा, तिची तारीख, तंबूंची संख्या, सगळं क्रमानं. मुख्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवला, एक प्रत संस्थेला. संस्थेतून फोन आला की प्रशासनाशी वाद घालू नका, आपली परवानगी जाईल. मुख्यालयातून अठरा तारखेला दोन ओळींचं उत्तर आलं. गणनेचा संदर्भ दिनांक ९ जानेवारी असल्याने नंतरची गणना विचारात घेता येत नाही.

एकोणीसला ट्रक आले.

फाटकाशी टेबल मांडलं होतं. परत जाणाऱ्या प्रत्येक घरासाठी एक छापील फॉर्म होता आणि फॉर्म भरला की वीस किलो पीठ. केवल कृष्ण नावं पुकारत होता. पहिली चार-पाच नावं ऐकून मी त्याच्या मागे जाऊन यादी बघितली. एकशे एकाहत्तर नावं होती. ह्या यादीत शंकरीचं कुटुंब वेगळं होतं. बचनोचं वेगळं होतं. तंबू द्यायला सहा घरं मिळून एक कुटुंब झालं होतं. परत धाडायला त्यांची पुन्हा सहा झाली होती.

"हे काय आहे?" मी केवल कृष्णला विचारलं.

"मला नका विचारू, भैनजी," तो मान वर न करता म्हणाला. "आणि थांबा इथंच. साक्षीदार पाहिजे. शिकलेला आणि बाहेरचा पाहिजे असं साहेबांनी सांगितलंय. तुमचं नाव दिलंय."

फॉर्मवर छापलं होतं : मी व माझे कुटुंब स्वेच्छेने मूळ गावी परत जात आहोत. खाली अंगठ्याची जागा. त्याखाली साक्षीदार.

"मी सही करणार नाही."

"मग पीठ मिळणार नाही. साक्षीदाराशिवाय फॉर्म पुरा होत नाही."

बचनो रांगेत पुढे आली. एकटीच होती, डोक्यावर गाठोडं. मुलखराज तिच्या मागे, अपराध्यासारखा. आपल्या तंबूत रजनीला आणि दोन्ही नातींना ठेवून घ्यायचं त्यानं कबूल केलं होतं. "तुझीही जागा करतो भाभी," तो म्हणत होता. "दाटीवाटीनं राहू."

"आत्ताच तेरा झालीत," बचनो म्हणाली. "चौदावी बसणार कशी? एकमेकांच्या मांडीवर? म्हैस सोडून आलेय मी. जाते."

केवल कृष्णनं विचारलं, "कुटुंबात माणसं किती?"

"एक."

त्यानं एक लिहिलं. तिनं अंगठा उठवला. फॉर्म माझ्यापुढे आला.

मी पेन घेतलं आणि 'स्वेच्छेने' ह्या शब्दावर आडवी रेघ मारली. वर स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'शासनाने तंबू नाकारल्यामुळे'. मग सही केली. मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी खरं लिहिलं असं वाटत होतं.

केवल कृष्णनं कागद बघितला, फाडला आणि टेबलाखाली टाकला. "खाडाखोड चालत नाही. भैनजी, ट्रक उभा आहे." तो बचनोकडे वळला. "माई, हा फॉर्म बाद झाला. तुझं पीठ राहिलं."

बचनोनं गाठोडं खाली ठेवलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातांवर अजून राख चिकटलेली होती, नखांच्या कडांना.

"काय लिहिलंस तू?"

मी सांगितलं.

"हे लिहून मला तंबू मिळणार होता?"

"नाही. पण हे खोटं आहे. तू स्वेच्छेनं जात नाहीयेस."

"ते मला माहीत नाही का?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ट्रकवरची माणसं वळून बघायला लागली. "तुझ्या साहेबाला माहीत नाही का? ह्या केवलला माहीत नाही? कोण आहे इथं ज्याला माहीत नाही? सगळ्यांना माहीत असलेलं लिहायला माझंच पीठ मिळालं तुला? आधी बरोबर लिहून माझं घर घालवलंस, आता खरं लिहून पीठ घालवतेस. तिकडं चक्की बंद आहे, दुकान बंद आहे. मी काय खाऊ, तुझं खरं?"

केवल कृष्णनं नवा फॉर्म पुढे सरकवला. तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मग माझं पेन उचलून माझ्या हातात दिलं.

"कर सही. वाचू नकोस. फक्त कर."

मी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख.

तिनं पिठाची गोणी छातीशी धरून ट्रकवर चढवली, मग स्वतः चढली. मागं बघितलं नाही. केवल कृष्णनं पुढचं नाव पुकारलं. शंकरी आली. तिनं माझ्याकडे न बघता अंगठा उठवला आणि कागद माझ्याकडे ढकलला. तिच्या मागे रांग होती, फाटकापासून हातपंपापर्यंत, आणि प्रत्येकाला वीस किलो पीठ हवं होतं.

मी खुर्चीवर बसले. यादीतली बाकीची घरं टेबलापर्यंत आलीच नाहीत. त्या दिवशी मी एकशे सहा सह्या केल्या. हा आकडाही अचूक आहे.